बत्तिसावा आठवडा कोणाचा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा कपडे ऑल्टर करण्याचा, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, हात थरथरत नाही, आणि हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, आग्रहाने किंवा गोडीगुलाबीने करीत नाही. उलट कोणी आग्रह केला असता तर केलेच नसते, हे मला ओळखणारे सगळे सांगतील.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते माझ्या थोरल्या मुलाने (यापुढे 'थोरला') टाइप करून आणले होते आणि मी जेवता जेवता त्यावर सही केली होती. ते आजपासून रद्द. त्यात माझी सगळी चीजवस्तू नीट मांडली होती, अगदी इस्त्रीच्या टेबलासकट, आणि शेवटच्या ओळीत लिहिले होते, 'टाइमशेअर: निरंक'. त्या एका शब्दासाठी मी हे नवे लिहायला बसले आहे.

टाइमशेअर म्हणजे काय ते ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगते. एका मोठ्या थीम पार्कला लागून एक इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटचा वर्षातला बत्तिसावा आठवडा माझ्या मालकीचा आहे. बाकीचे आठवडे बाकीच्यांचे. आठवडा घेताना एकदा पैसे भरायचे आणि मग दर वर्षी देखभालीचे भरत राहायचे, तुम्ही जा अथवा जाऊ नका. यंदा कंपनीने कळवले की ज्यांना आठवडा नको असेल त्यांनी ह्या महिन्याच्या अखेरीपर्यंत परत करावा. मोबदला काही मिळणार नाही, पण पुढची देखभालही भरावी लागणार नाही. परत करण्याचा कागद थोरल्याने आणून माझ्या शिलाई मशीनवर ठेवला आहे. फक्त सही बाकी आहे. ती मी करणार नाही. का करणार नाही ते कलम पाचमध्ये आहे. ज्यांना धीर नाही त्यांनी थेट तिकडे जावे, पण मग कात्रीचे राहून जाईल.

वकीलबाईंनी मसुदा वाचून पुष्कळ वाक्यांखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या, ही अनावश्यक आहेत म्हणून. ती सगळी मी ठेवली आहेत. कोटाचे अस्तर बाहेरून दिसत नाही म्हणून मी ते आजवर कोणाचे काढून टाकलेले नाही.

कलम १. घर. वरच्या दोन्ही खोल्या थोरला आणि माझी धाकटी मुलगी (यापुढे 'धाकटी') ह्यांना निम्म्या निम्म्या. लहानपणी खिडकीजवळ कोणी झोपायचे ह्यावरून दोघांनी मला भंडावून सोडले होते. आता खिडकी दोघांची. विकायची असेल तर दोघांनी मिळून विकावी, आणि भांडायचे असेल तर फोनवर भांडू नये, समोरासमोर भांडावे, म्हणजे निदान भेट होते.

कलम २. दुकानातली मशिने, इस्त्री, टेबल, दोऱ्यांची कपाटे आणि आरसा हे सगळे माझ्याकडे काजे-बटणे करणाऱ्या बाईंना. त्यांनी माझा तोंडाळपणा सहन केला आणि दोनदा नोकरी सोडून दोनदा परत आल्या. आरसा मात्र त्यांनी खिडकीसमोरून हलवू नये. गिऱ्हाईक त्यात थोडे बारीक दिसते, त्यावर आमचा धंदा चालला.

कलम ३. कात्री. माझ्याकडे दोन मोठ्या कात्र्या आहेत. धारेची काजे-बटणेवाल्या बाईंना. दुसरी माझ्या नणंदेला. ही दुसरी कात्री तिने एकदा माझ्या पाठीमागे नेली आणि तिच्या मुलाच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी तिने पुठ्ठा कापला. कापडाच्या कात्रीने पुठ्ठा. परत करताना वर म्हणाली, "अगं, लोखंडच ते, त्याला काय होतंय." तेव्हापासून ती कात्री कापड चावते. मी तिला धार लावली नाही, टाकूनही दिली नाही, समोरच्या खिळ्याला टांगून ठेवली, आणि नणंद आली की तिला तिच्याच समोर बसवत आले. आता ती कायमची तिच्याकडे जावो. बाकी नणंद मनाने वाईट नाही. माझ्या यजमानांच्या आजारपणात रात्री तीच जागली, मी नाही, कारण मला दिवसा दुकान होते. हे मी विसरलेले नाही. पण कात्रीही विसरलेले नाही.

कलम ४. बँकेत जे असेल ते धाकटीला. थोरल्याला ह्यात काही नाही, त्याला त्याच्या पायावर उभे करताना मी आधीच भरपूर दिले आहे आणि तो कबूलही करतो. धाकटीने कधी मागितले नाही, म्हणून तिला मिळाले नाही. न मागणाऱ्याला न देण्याची आमच्या घरात सवयच झाली होती, ती मी इथे मोडते.

कलम ५. बत्तिसावा आठवडा.

माझे यजमान सहलीच्या बसवर ड्रायव्हर होते. त्यांना मी जन्मभर 'हे' म्हटले, इथेही तेच म्हणते. शाळा, कारखाने, बँकेतली माणसे, सगळ्यांना घेऊन हे त्या पार्कच्या फाटकापर्यंत जायचे आणि माणसे उतरली की संध्याकाळपर्यंत गाड्यांच्या तळावर बसून राहायचे. आतले पाळणे त्यांनी वर्षानुवर्षे फक्त कुंपणावरून पाहिले. मग एकदा तिथे जाहिरात लागली की तासभर आमचे ऐकून घ्या आणि पार्कची दोन तिकिटे फुकट घेऊन जा. हे मला घेऊन गेले. टाय लावलेल्या एका माणसाने आम्हाला चहा पाजला, कागदावर चढत जाणारी रेघ काढली आणि सांगितले की पार्कचे तिकीट दर वर्षी वाढत जाणार, तसतशी जवळची राहण्याची जागा सोन्याच्या मोलाची होणार, आणि आज घेतलेला आठवडा मुलांना आयता मिळणार. ह्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, सही केली. घरी येताना बसमध्ये मी विचारले, असे का केलेत. हे म्हणाले, "सगळ्यांना सुट्टीवर सोडून यायचं आणि आपण तळावर डबा खायचा, किती वर्षं करायचं?"

त्या टायवाल्याचे निम्मे बोलणे खरे झाले. तिकीट वाढले, दणकून वाढले. पण पूर्वी जी माणसे पाच दिवस मुक्कामाला यायची ती तिकिटाच्या धसक्याने एकाच दिवसासाठी यायला लागली, सकाळी उतरायची आणि संध्याकाळी परत. ज्यांना परवडत होते त्यांच्यासाठी पार्कने फाटकाच्या आतच स्वतःची हॉटेले बांधली. आमच्या इमारतीची फुकट बस बंद झाली, मग संध्याकाळची सवलत बंद झाली, मग गाडी लावायचे पैसे सुरू झाले. एका वर्षी पार्क ओस पडला तेव्हा त्यांनी तिकीट एकदम उतरवले. मला वाटले, आता तरी आमचे दिवस येतील. कसले येतात, त्यांनी स्वतःच्या खोल्या तिकिटाबरोबर स्वस्तात देऊन टाकल्या. म्हणजे तिकीट चढले तरी माझा आठवडा उतरतो आणि तिकीट उतरले तरी तो उतरतोच. वर जाते ती एकटी देखभाल.

हे सगळे मला थोरल्याने समजावून सांगितले आहे. तो विमा कंपनीत आहे, मोडलेल्या वस्तूंची किंमत ठरवणे हाच त्याचा व्यवसाय, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याचे गणित बरोबर आहे, हे मी साक्षीदारांसमोर मान्य करते. तो मला दवाखान्यात नेतो, औषधे आणतो, माझे फोन दोनदा वाजण्याच्या आत उचलतो. माझ्या मागे हे ओझे त्याच्या गळ्यात पडू नये म्हणून तो जिवाचा आटापिटा करतो, मला फसवायला नव्हे. कागद ठेवून जाताना तो म्हणाला, "आई, ह्या आठवड्याला बाजारात काडीची किंमत नाही."

मी म्हटले, "मग मी कुठे बाजारात निघालेय?"

त्याला हे पटले नाही. म्हणून इथे सविस्तर सांगते. माझ्या दुकानात न्यायला न आलेले कपडे पडून असत. मापात बसवलेला, बाह्या आखूड केलेला, एका खांद्याला आतून कापूस घातलेला कोट, कारण त्या गृहस्थाचा तो खांदा उतरता होता. असा कोट मी एकदा जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्याला दाखवला तर त्याने हातसुद्धा लावला नाही. पुढे ते गृहस्थ आले, त्यांनी तो तिथेच चढवला आणि आरशासमोरून हलेनात. कोट तोच. एकाला निरंक, एकाला जन्मात पहिल्यांदा सरळ खांदा. थोरल्या, तू व्यापाऱ्याचे बोलतोस. मी कोट घालून उभी आहे.

आता हा आठवडा माझ्या मापाचा कसा झाला ते ऐका.

ह्यांच्या हयातीत एक वर्ष आम्ही सगळे मिळून गेलो होतो. थोरल्याचे नवे लग्न, बाळ तान्हे, धाकटी आणि नणंदही होती. तिकीट तोवर इतके चढले होते की एक माणूस जरी बाहेर राहिले तरी फरक पडत होता. रोज सकाळी थोरल्याची बायको (यापुढे 'सूनबाई') म्हणायची, "तुम्ही जा सगळे, मी थांबते बाळाजवळ." आणि आम्ही सगळे जायचो, एकही दिवस कोणी तिला अडवले नाही. त्या फ्लॅटच्या बोटभर ओट्यावर तिने आठवडाभर सगळ्यांचा स्वयंपाक केला. शेवटच्या दिवशी मी माझी पिशवी विसरले म्हणून अर्ध्या वाटेवरून परत आले. सूनबाई बाल्कनीत बसली होती. बाळ झोपले होते, हातात चहा होता, आणि तिने दोन्ही पाय वर करून कठड्यावर ठेवले होते. इतका मोकळा चेहरा मी तिचा आमच्या घरात कधी पाहिला नव्हता. माझी चाहूल लागली आणि तिने पटकन पाय खाली घेतले. नुसते घेतले नाहीत, उठून उभी राहिली आणि विचारले, "काही हवंय का?" तिचे ते पाय खाली येणे मला इतकी वर्षे सलते आहे. मी काही रागीट सासू नव्हते, तरीही तिने पाय खाली घेतले.

पुढे तिकीट मुलांच्या आवाक्याबाहेर गेले आणि ती सगळी यायची थांबली. मी आणि हे दोघेच जात राहिलो. पार्कात जात नव्हतो. हे बाल्कनीतून गाड्यांचा तळ बघत आणि तिथल्या ड्रायव्हरांचे चुकते कुठे ते मला सांगत. आमच्या सुट्टीचा सगळा थाट तेवढाच. फ्लॅट फक्त आमचा नसला तरी मला फाटके-तुटके बघवत नाही, म्हणून मी एका वर्षी बाल्कनीचा लोळणारा पडदा आखूड केला. पुढच्या वर्षी गेलो तर बाल्कनीचे अडकणारे दार लोण्यासारखे सरकत होते. मी खुर्चीची उसवलेली बैठक शिवली, तर पुढच्या वर्षी खुर्चीचा डुगडुगणारा पाय घट्ट. हे म्हणाले, कंपनी सुधारली. मी म्हटले, कंपनीची ही अक्कल नव्हे, आपल्यानंतर कोणीतरी हाताचे माणूस इथे येते.

मग हे गेले. आठवडे मोजण्याचे काम नेहमी त्यांचे असायचे. पहिल्यांदा मला मोजावे लागले आणि मी माझ्या पद्धतीने मोजले. शिंप्याची टेप वापरून वापरून टोकाला झिजते, तेव्हा आम्ही झिजलेला पहिला इंच सोडून देतो आणि पुढून माप धरतो. त्या वर्षी कॅलेंडरच्या पहिल्या ओळीत एकच दिवस होता. हाताच्या सवयीने ती ओळ मी झिजलेल्या टोकासारखी सोडली आणि पुढच्या ओळीपासून एक, दोन म्हणत गेले. टेपवर आम्ही शेवटी तो इंच वजा करतो. आठवड्यांत करायचा राहिला, आणि माझा बत्तिसावा आठवडा कंपनीचा तेहेतिसावा निघाला.

बॅग घेऊन पोचले तर काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आजी, तुमचा आठवडा आज सकाळीच संपला." मी त्यांना पुन्हा मोजायला लावले. बिचाऱ्यांनी मोजले. परतीची बस दुसऱ्या दिवशी होती. मी बॅगेवर बसले आणि सांगितले की मी इथून हलणार नाही. तेव्हा त्यांनी वरच्या मालकांना फोन केला आणि ते खाली आले. उंच, किंचित वाकलेले, हातात सुतासारखा बारीक स्क्रूड्रायव्हर. त्यांचे चष्म्याचे दुकान होते. (यापुढे 'चष्मेवाले'.) बायकोच्या मागे हा तेहेतिसावा आठवडा ते एकटेच वापरत. माझी हकिकत ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पडदा तुम्हीच आखूड केलात का?"

मी हो म्हटले.

"टीप सरळ आहे," ते म्हणाले. "आतली खोली तुम्ही घ्या. मला एकच लागते."

पुढच्या वर्षी मी आठवडा बरोबर मोजला. बत्तिसाव्यात ते माझे पाहुणे म्हणून आले आणि तेहेतिसाव्यात मी त्यांची पाहुणी म्हणून राहिले. तेव्हापासून दर वर्षी आमचे चौदा दिवस असतात. मी घरी सांगत होते की पुढच्या आठवड्याचे मालक मला आग्रहाने ठेवून घेतात. त्यात एक अक्षर खोटे नाही. ते मालक म्हणजे कोणी म्हातारी बाई असणार हे तुमचे तुम्ही ठरवलेत. आम्ही पार्कचे तिकीट एकदाही काढलेले नाही. बाल्कनीतून समोरचा रोलर कोस्टर दिसतो, माणसे चढावर गप्प असतात आणि उतारावर ओरडतात. त्यातले डोळे मिटून कोण बसले आहे ते चष्मेवाले एवढ्या लांबून सांगतात, आणि मला ते खोटे वाटते म्हणून आम्ही भांडतो. एका खोलीत राहिलो की दोन, हे ज्यांना विचारायचे असेल त्यांनी मी जिवंत असताना विचारायला हवे होते. लग्नाचे त्यांनी विचारले होते. मी नाही म्हटले. वर्षभराचा नवरा मला होऊन गेला आणि तो चांगला होता. चौदा दिवसांचा माणूस मला पुरतो. मला हे सुख ह्या वयात मिळाले आणि त्याची मला तिळमात्र लाज वाटत नाही. वकीलबाईंनी इथे दोन रेघा ओढल्या आहेत.

तेव्हा थोरल्या, बाजारात ह्याला काडीची किंमत नाही म्हणूनच तो माझ्याकडे राहिला. किंमत आली असती तर तू तो चांगल्या भावात विकून दिला असतास आणि मीही विकू दिला असता.

आता व्यवस्था. बत्तिसावा आठवडा मी सूनबाईंना देत आहे, त्यांच्या एकटीच्या नावे. त्याबरोबर खालचा दुकानाचा गाळाही त्यांच्याच नावे. काजे-बटणेवाल्या बाई तो भाड्याने चालवतील आणि त्या भाड्यातून दर वर्षी आधी देखभाल जाईल, उरेल ते सूनबाईंचे. म्हणजे थोरल्याच्या खिशाला कसलीही तोशीस नाही. ह्या आठवड्यापासून तो पूर्ण मोकळा आहे, आणि ह्या मोकळेपणात तो आठवडा वापरण्याचा हक्कही येत नाही. अट अशी की सूनबाईंनी एकटीने जायचे. थोरला, मुले, धाकटी, नणंद, कोणीही सोबतीला नको. स्वयंपाक करायचा नाही असे मी लिहिले होते, पण अशा अटीवर लक्ष कोण ठेवणार, असे वकीलबाई म्हणाल्या. मग ही विनंती समजावी. पुढे कधी त्यांना कंटाळा आला तर त्यांनी आठवडा खुशाल परत करावा, पण तो त्यांनी स्वतःच्या मनाने करावा, कोणी कागद आणून समोर ठेवू नये. पार्कचे तिकीट काढायचे की नाही तेही त्यांनीच ठरवावे. सूनबाई, दार सरकवले की उजवीकडची खुर्ची घ्या. तिचा पाय आता डुगडुगत नाही. कठडा बरोबर त्या उंचीचा आहे.

कलम ६. स्वेटर. धाकटीने माझ्या तिथल्या 'मैत्रिणी'साठी जो निळा स्वेटर स्वतः विणून पाठवला होता तो चष्मेवाल्यांना छातीत घट्ट झाला. मी दोन्ही बाजू उसवून आत पट्ट्या घातल्या. तो ते थंडीत रोज घालतात. तो त्यांच्याचकडे राहील, परत मागू नये. धाकटी, तुझे विणकाम पक्के आहे. उसवताना माझी बोटे दुखली.

कलम ७. माझ्या शेवटच्या दिवसाचे कपडे मी शिवून कपाटाच्या वरच्या खणात ठेवले आहेत. ते मापाचे आहेत. ऐन वेळी कोणी दुसरे काही ढगळ आणून अंगावर चढवू नये. जन्मभर लोकांचे ढगळ कपडे बसते केले, स्वतः तसल्यात जाणार नाही. बाकी तुम्हाला सुचेल ते करा. दुकान एक दिवस बंद ठेवले तरी पुरे, गिऱ्हाइकांचे कपडे वेळेवर गेले पाहिजेत.

कलम ८. ह्या मृत्युपत्राची अंमलबजावणी धाकटीने करावी. ती दवाखान्यात लोकांचे रक्त तपासते आणि काहीही निघाले तरी चेहरा बदलत नाही. हे वाचताना तो गुण तिला कामी येईल. थोरल्याने रागवावे, मन भरेपर्यंत रागवावे, आणि मग सूनबाईंना बसपर्यंत सोडून यावे. तुझे वडील सगळ्यांना सोडायला जायचे, तू एकीला सोड.

कलम ९. चष्मेवाले.

त्यांना मी काय ठेवावे हा प्रश्न मला सगळ्यात जड गेला. आठवडा त्यांना ठेवता आला असता. पण ते माझ्याहून मोठे आहेत, दुसऱ्या आठवड्याची देखभाल त्यांच्या डोक्यावर टाकणे हा काही आहेर झाला नाही. शिवाय सूनबाईंचे पाय. मी काही बोलायच्या आधी तेच म्हणाले, "मला काही ठेवू नका. ज्याला काही मिळतं त्याला मृत्युपत्रावर साक्षीदार होता येत नाही म्हणे. मला साक्षीदार करा." मी विचारले, त्यात काय मिळणार. ते म्हणाले, "तुम्ही होतात, हे मला लिहून देता येईल."

मी त्यांना साक्षीदार केले. तरीही त्यांना काहीच ठेवायचे नाही हे माझ्याने होणार नव्हते, आणि मला एक जागा सापडली आहे.

कंपनीच्या नियमाप्रमाणे बत्तिसावा आठवडा शनिवारी सकाळी दहाला संपतो आणि तेहेतिसावा दुपारी चारला सुरू होतो. मधल्या वेळात फ्लॅट झाडतात, चादरी बदलतात, आणि आत कोणालाही थांबू देत नाहीत, पुढचा आठवडा तुमच्याच माणसाचा असला तरी. त्यामुळे दर वर्षी दहा ते चार आम्ही दोघे बेघर असतो. बॅगा घेऊन गाड्यांच्या तळासमोरच्या बाकावर बसतो. थर्मासमधला चहा, जाणाऱ्यांच्या गाड्या, येणाऱ्यांच्या गाड्या. एखादा बसवाला सावलीत डबा उघडताना दिसला की मला ह्यांची आठवण येते, मी ती बोलून दाखवते, आणि चष्मेवाले ऐकतात. मला विचाराल तर चौदा दिवसांतला हाच वेळ मला सगळ्यात आवडतो. हा वेळ कंपनीने कोणालाच विकलेला नाही. त्याची देखभाल नाही, त्याचे तिकीट नाही, पार्कने दर चढवले काय आणि उतरवले काय, त्याचे काही वरखाली होत नाही. तो मी चष्मेवाल्यांना ठेवते. सूनबाईंना माझे सांगणे एवढेच की त्या शनिवारी दहाला निघाल्यावर लगेच बस पकडू नये. बाकावर ते एकटेच आले असतील. चार वाजेपर्यंत त्यांच्याजवळ बसावे, आणि ते माझ्याविषयी काही सांगू लागले तर ऐकावे, खरे-खोटे करू नये.

हे कलम वकीलबाईंनी दोनदा वाचले. मग म्हणाल्या की जी वस्तू कायद्याने माझीच नाही ती मी कोणाला देऊ शकत नाही. दिली तरी ती दिली असे होत नाही. आणि म्हणून चष्मेवाल्यांना ह्या मृत्युपत्राखाली काही मिळते असेही म्हणता येत नाही. तेव्हा ते साक्षीदार राहू शकतात. इथे त्यांनी रेघ ओढलेली नाही.

वर लिहिलेले सगळे मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचून पाहिले, एक शब्दही मागे घेत नाही. परत करण्याचा कागद थोरल्याला सोबत जोडून परत करीत आहे, सहीची जागा कोरी ठेवून.

(सही)
बत्तिसाव्या आठवड्याची मालकीण

आम्ही खाली सही करणारे, दोघेही एकाच वेळी हजर असताना लिहिणाऱ्या बाईंनी आमच्यादेखत वरील सही केली. त्या शुद्धीवर होत्या, चिडलेल्या नव्हत्या, आणि सही करताना त्यांनी आम्हाला पेन नीट धरायला सांगितले.

साक्षीदार पहिला: (सही) काउंटरवरच्या बाई. ह्यांनी त्या वर्षी आठवडे दोनदा मोजले होते.

साक्षीदार दुसरा: (सही) चष्मेवाले, तेहेतिसाव्या आठवड्याचे मालक. ह्या होत्या.

ठिकाण: गाड्यांच्या तळासमोरचे बाक.

तारीख: शनिवार. बत्तिसावा संपलेला, तेहेतिसावा अजून सुरू व्हायचा आहे.